कोरड्या डोक्याचा सुकाणी

उभं आयुष्य नदीवर काढलेल्या माणसाला पोहता येत नाही म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. मीही हसले होते, लग्नानंतरच्या पहिल्या अष्टमीला. मग कारण कळलं आणि तोंड मिटलं.

आमचे हे म्हणजे दत्ताराम. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण तुम्हांला ओळख व्हायला हवी म्हणून एकदा घेतलं, आता पुन्हा मागू नका. मूळचे बांद्याकडचे, सिंधुदुर्गातले. खाणीची माती वाहून नेणाऱ्या बार्जवर खलाशी म्हणून गोव्यात आले आणि वर चढत चढत सुकाणी झाले. मी नार्व्याची. सप्तकोटेश्वराच्या देवळाकडून खाली उतरलं की आमचं शेत, शेताला बांध आणि बांधाला लागून न्हंय. नदीला आम्ही न्हंयच म्हणतो. आमच्याकडच्या मुलांना पोहायला कुणी शिकवत नाही, चालायला लागली की पोहायलाही लागतात.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी ही मंडळी मला बघायला आली. सासूबाई, देवकी त्यांचं नाव, ओसरीवर बसल्या होत्या. शिवण येतं का, माशाचं हुमण जमतं का, काही म्हणून विचारलं नाही. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाल्या, "पेवूक येता काय गो तुका?" म्हणजे पोहता येतं का. मी म्हटलं, येतं, ह्या काठावरून समोरच्या दिवाडी बेटाच्या काठाला लागून परत येते. माझ्या बापाने डोळे वटारले, कारण बघायला आलेल्यांना असली शेखी सांगायची नसते. सासूबाईंनी मात्र तिथल्या तिथे मुलगी पसंत म्हणून सांगून टाकलं. हा विषय आमच्या घरात कितीतरी दिवस पुरला. माझी वहिनी म्हणायची, बार्जवाल्यांना सून नको होती, खलाशी हवा होता.

मग आली ती अष्टमी. गोकुळाष्टमीला आमच्या गावात न्हंयत स्नान करायला दुरून दुरून माणसं येतात. नवा जावई म्हणून माझ्या भावांनी ह्यांना पुढे घातलं. सगळे बुचकळ्या मारतायत आणि हे आपले गुडघाभर पाण्यात तांब्या घेऊन उभे. खांद्यावर ओतलं, छातीवर ओतलं, दोन बोटं केसांना लावली आणि काठावर परत. डोकं कोरडंच. भावांनी ओढायला बघितलं तर अंग असं ताठ केलं की दोघांना हलवेनात. सगळा काठ हसला आणि त्यात मीही होते.

संध्याकाळी ह्यांनी कारण सांगितलं. ह्यांचा मोठा भाऊ बाबली. दोघं भाऊ गावच्या नदीवर गेले होते, हे लहान म्हणून काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले होते. बाबलीने उडी मारली आणि तो वर आला नाही. हे कपडे मांडीवर घेऊन वाट बघत राहिले, कारण त्याला बराच वेळ पाण्याखाली राहायची सवय होती. नंतर गावातली माणसं बोलायला लागली, की बुडालेला एकटा राहत नाही, आपल्यातल्याच कुणाला तरी बोलावून नेतो. सासूबाईंनी ते ऐकलं आणि उठून गावच्या देवाकडे गेल्या. गाऱ्हाणं घातलं, की ह्या पोराचं डोकं मी नदीच्या पाण्याखाली जाऊ देणार नाही, तू ह्याला राख.

बाबली खाली असणार, डोकं बुडवलं की दिसणार, असं लहानपणी वाटायचं, असं हे म्हणाले. मी विचारलं, आणि आता? ह्यांनी तांब्या उचलून कोनाड्यात ठेवला. त्या दिवसापासून अष्टमीचा तांब्या मीच घासून ठेवायला लागले.

तुम्ही म्हणाल, मग असा माणूस बार्जवर कसा? अहो, बार्जवर पाणी हाताला लागत नाही. घरापेक्षा मोठं लोखंडी धूड ते, वर सुकाण्याची खोली. तिथले निम्मे लोक पोहणारे नसतात आणि त्यांना कुणी विचारतही नाही. माझ्या बापाने दिलेल्या तुकड्यावर आम्ही घर बांधलं, मुलगी झाली, तिला मी पोहायला सोडलं तेव्हा हे घरात जाऊन बसले. गावाने घरजावई म्हणून जेवढं चिडवायचं तेवढं चिडवलं. हे हसून सोडून द्यायचे. तसा माणूस शांत, नको तितका शांत. मी बोलायची ती दोघांच्या वाटणीचं.

मग खाणी बंद झाल्या. बार्ज नांगरून पडले ते पडलेच, त्यांच्यावर गंज चढला आणि बगळे बसायला लागले. हे रोज बांधावर जाऊन बसायचे. भरती आली की उठून उभे राहायचे, सवयीने, आणि मग आठवलं की परत बसायचे. मला ते बघवत नसे. मी घरात भांडी आपटायची, दुसरं काय करणार.

अशात परेश आला. साखळी गावचा मुलगा, पणजीतली चांगली नोकरी सोडून ह्याने कायाक आणल्या. कायाक म्हणजे लांबुडकी प्लास्टिकची होडी, एकाची नाहीतर दोघांची, आणि वल्हं एकच, दोन्ही टोकांना पातं असलेलं. शनिवार-रविवारी पणजीहून, कुठून कुठून लोक येतात आणि हौसेने वल्हवत खारफुटीच्या आतल्या फाट्यांतून हिंडतात. कुठे पोहोचायचं नसतं, काही आणायचं नसतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, ह्यांना कुणी भात लावायला बोलावत नाही वाटतं. परेशला न्हंय जाणणारा वाटाड्या हवा होता. एवढी वर्षं बार्जवर काढलेला माणूस म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही. पोहता येतं का हे त्याच्या डोक्यातच आलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

ह्यांना ते काम आवडलं, हे मात्र कबूल करायला हवं. बार्ज नेहमी मधल्या खोल पाण्यातून जायचा. काठ म्हणजे ह्यांना लांबून दिसणारी हिरवी रेघ. आता हे काठाला धरून जायला लागले, पाण्याच्या इतके जवळ की हात सोडला तर बोटं भिजतील. घरी येऊन सांगायचे. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्यांमधून सुकतीचं म्हणजे ओहोटीचं पाणी कसं बाहेर पडतं, खारफुटीच्या मुळांवर खेकडे कसे चढून बसतात, उदाची, म्हणजे पाणमांजराची, जोडी डोकं वर काढून माणसांकडे कशी टक लावून बघते. इंजिनाच्या आवाजात आपल्याला न्हंय कधी ऐकूच आली नव्हती, असं एकदा म्हणाले. लग्नानंतर इतकं बोललेले मी त्यांना ऐकलं नव्हतं. परेश आणि बाकीची मुलं दत्ताबाब, दत्ताबाब करायची. बांधावर बसणारा माणूस पुन्हा ताठ चालायला लागला. मला बरं वाटत होतं आणि आतून जीव खात होता.

कारण परेशचा एक नियम होता. दर वर्षी पावसाआधी प्रत्येक वाटाड्याने आपणहून कायाक उलटी करायची, लाइफ जॅकेट काढून तिच्या खालून पलीकडे निघायचं. पाण्याखाली कुणी अडकलं तर काय होतं ते अंगाला माहीत हवं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. ह्यांना पहिल्या वर्षी खरंच ताप होता. दुसऱ्या वर्षी कान दुखत असल्याचं सांगितलं. वयाला मान देऊन परेश गप्प बसला. मी मात्र घरात ह्यांना सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या समोर कुणी बुडालं म्हणजे कळेल कान कुठे दुखतो ते. त्यावर हे उठून पोदेराकडचे पाव आणायला गेले. माझ्याशी भांडायचं नसलं की ह्यांना पाव आठवतात.

आणि एक दिवस माझंच बोलणं खरं होता होता राहिलं. हैदराबादचं एक जोडपं होतं, आतल्या फाट्यात त्यांची कायाक उलटली. तिथे जाळी बांधायचे जुने खुंटे पाण्यात उभे आहेत. नवरा वर आला. बाईच्या जॅकेटचा पट्टा खुंट्यात अडकला आणि ओढीने तिचं तोंड पाण्यात जायला लागलं. सगळ्यांत जवळ हेच होते. ह्यांनी वल्हं पुढे केलं, धर म्हणून सांगितलं, पण घाबरलेल्या माणसाला वल्हं दिसतं का? तेवढ्यात ओंकार, ह्यांच्याबरोबरचा दुसरा वाटाड्या, मागून आला, त्याने पाण्यात उडी टाकली आणि पट्टा सोडवला. बाई खोकली, रडली आणि मग सगळे हसायला लागले. जाताना तिने ह्यांचे हात धरले, तुम्ही किती शांत होता म्हणाली. बाकीच्यांनाही तसंच वाटलं.

घरी आले ते जेवले नाहीत. मी विचारायच्या आधी आपणच बोलले. "तिचा तोंड पाण्यात जाय होता, आणि मी वल्ह्या धरून बसान ऱ्हवलंय."

मी ह्या माणसाला आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, पण तेव्हा नुसतं ताट झाकून ठेवलं. हे म्हणाले, काम सोडतो. परेशने कालच सांगितलंय की पावसाआधी सगळ्यांनी उलटी करून दाखवायची, ह्या खेपेला कुणालाही सूट नाही. त्याला काहीतरी कारण सांगतो आणि सोडतो. म्हणजे परत तो बांध आणि तेच भरतीला उठणं. मी म्हटलं, सोडायचं तर सोडा, पण आधी चला आईकडे. नवस तिने केलाय, सोडवायचा तर तीच सोडवेल. देव काय तुमच्यासाठी उठून नार्व्याला येणार आहे?

आम्ही बांद्याची बस धरली. सासूबाई अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. पाठ वाकलीय, पण जीभ सरळ आहे. ह्यांनी सगळं सांगितलं, खाली मान घालून, पट्टा, खुंटा, वल्हं, सगळं. त्यांनी हातातली सोलं परडीत टाकली आणि ह्यांच्याकडे असं बघितलं की हा कुणाचा मुलगा.

"लग्नापर्यंतचो नवस होतो रे तो," त्या म्हणाल्या. "लग्नादिवशी देवाक सांगलंय, आतासर मी राखलंय, आता हिच्या हवाली. नायतर पेवणारी सून कशाक शोधलंय मी?"

मी उभीच राहिले. लग्नाच्या दिवशी हे मुंडावळ्या बांधून बसलेले, नवऱ्यामुलाला कोण काय सांगतंय. सासूबाईंनी तेव्हा ते माझ्या आईला सांगितलं होतं म्हणे. माझ्या आईने लग्नाघरी बुडण्याची गोष्ट कशाला म्हणून पोटात ठेवली असणार आणि मग ती गेलीच. म्हणजे हे इतकी वर्षं सुटलेला नवस पाळत होते आणि मी त्याचा तांब्या घासत होते.

परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्याशी बोलले नाही. मला राग आला होता. मी समजत होते, माझं रूप नाही तर निदान माझं धीट बोलणं बघून पसंत केलं असेल. म्हैस घेताना दात बघतात तसं माझं पोहणं बघितलं होतं. सून कसली, लाइफ जॅकेट आणलं होतं घरात. खिडकीकडे तोंड करून बसले आणि बघते तर डोळ्यांतून पाणी. मग गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी आली तेव्हा मनात आलं, त्या बाईचा एक मुलगा नदीने नेला होता. दुसरा कुणाच्या हातात द्यायचा हे ती गावोगाव शोधत हिंडली आणि तिने तो माझ्या हातात दिला. तिच्या जागी मी असते तर मी तरी आणखी काय विचारलं असतं? राग तिथेच गळाला.

हे पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. मग म्हणाले, "नवस गेलो. आता भय तेवढा माझा ऱ्हवला." मी त्यांचा हात धरला. बसमध्ये आमच्या गावचे लोक होते, बघू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हे परेशकडे गेले आणि खरं ते सांगितलं. मी बाहेर उभी होते. मला वाटलं होतं, मुलगा समजून घेईल, वयाचा मान ठेवेल. त्याने हातातलं वल्हं भिंतीला टेकवलं. मग म्हणाला, "दत्ताबाब, दोन वर्सां तुमच्या भरवशार मी लोकांक न्हंयत धाडले." आवाज चढवला नाही, पण ह्यांचा चेहरा उतरला. त्याचं काय चुकलं? त्याने ह्यांना काठावर ठेवलं, येणाऱ्यांची जॅकेटं बांधून द्यायला. उलटी करून दाखवाल त्या दिवशी पाण्यात, म्हणाला.

आणि मग मी त्यांना शिकवायला लागले. सकाळी, भरती भरून पाणी थांबलं की आमच्या बांधाखाली. मी जुनी साडी खोचून पाण्यात, हे चड्डी-बनियनवर, आणि बांधावर अर्धा वाडा. काय काय बोलले लोक. माझे भाऊ, आता तेही म्हातारे झालेत, वरून सूचना द्यायचे. मी एकदा चिखलाचा गोळा फेकून मारला तेव्हा गर्दी पातळ झाली. मी ह्यांच्या पोटाखाली हात धरायची. अंग हलकं सोडायला शिकले, हात-पाय मारायला शिकले. माणूस कष्टाळू आहे, सांगितलेलं ऐकतो. पण डोकं काही केल्या खाली जाईना. पाणी हनुवटीला लागलं की मान वर, बार्जच्या सुकाणूसारखी अवघडून. मी चिडायची, मग वाईट वाटायचं, मग परत चिडायची. एकदा रागाने म्हटलं, तुमच्या आईने तुम्हांला माझ्या हवाली केलंय, आणि मी सांगतेय बुडवा. हे पाण्यात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले, पण डोकं नाही बुडवलं.

पाऊस जवळ आला. परेशने दिवस ठरवला. जाताना मी पंचा घेतला आणि मागून चालू लागले. धक्क्यावर परेश, ओंकार, दोन-तीन नवी मुलं. मुलांनी आपापली उलटी पटापट करून दाखवली, त्यांना तो खेळच. मग हे बसले. जॅकेट काढून ओंकारच्या हातात दिलं. मधोमध गेले आणि थांबले. वल्हं आडवं मांडीवर धरून नुसतेच बसले. लहानपणी भावाचे कपडे मांडीवर घेऊन असेच बसले असतील, असं माझ्या मनात आलं. परेश हलला, त्याला हाक मारायची होती. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तोंड मिटलं.

हे एका अंगावर झुकले आणि कायाक उलटली.

वर राहिली ती नुसती कायाकची नारिंगी पाठ. मी साडीसकट पाण्यात कमरेपर्यंत कधी गेले मला कळलं नाही. ओंकार धक्क्याच्या कडेला उडीच्या तयारीत. इतका वेळ का, इतका वेळ का, मी तोंडाने बोलत होते. आणि मग पलीकडच्या बाजूला ह्यांचं डोकं वर आलं, केस कपाळावर चिकटलेले. ते डोकं मी तसं कधी बघितलंच नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र काठाकडे आले नाहीत. एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा खाली गेले, कुणी सांगितलेलं नसताना. वर आले, आणि परत गेले. परेशने माझ्याकडे बघितलं. मी हातानेच थांब म्हटलं. मला कळलं होतं की हे परीक्षा देत नाहीयेत, बघून येतायत.

शेवटी ओंकारने हात देऊन वर घेतलं. मी पंचा पुढे केला तर तो घेतला नाही, ओल्या हाताने माझा मोबाइल मागितला आणि सासूबाईंना लावला. धक्क्यावर पाणी गळत होतं.

"आये," ह्यांनी सांगितलं, "खाली कोण नाय गे."

मला वाटलं फोन तुटला. हे तसेच कानाला लावून उभे होते. मग सासूबाईंचं रडणं मला इथे ऐकू आलं, म्हाताऱ्या माणसाचं, अडखळत येणारं. ते बराच वेळ चाललं आणि ह्यांनी फोन खाली घेतला नाही. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "डोक्या पुसलंस मां रे?"